केलेसी आत्याच्या कानातलं मूळ

"मला त्या चाफ्याखाली पुरलंत तर याद राखा! मुळं शिरतील माझ्या कानात!" केलेसी आत्या ओरडत होती.

"आत्याबाई, तुमच्या कानात माणसाचा शब्द शिरत नाही, मुळाची काय बिशाद!" खोपटातल्या चुलीपासून लेसिएली ओरडली.

हे भांडण मी कुंपणाच्या अलीकडून ऐकलं, डुकरांना खोबरं घालताना. दोघींच्या मधे मनासे बसला होता. लेसिएलीचा नवरा, आत्याचा भाचा. आमच्या टोंगा बेटांवर बापाच्या बहिणीपुढे मान वर करायची नसते, आणि लेसिएलीपुढे मान वर करून उपयोग नव्हता, म्हणून तो खाली बघून जाळं विणत होता.

"नाही पुरणार, आत्या," एवढंच तो म्हणाला.

आणि पुढे पुरलं तिथंच. दुसरीकडे पहार मारावी तिथं पोवळ्याचा खडक. प्रेत ताटकळलेलं, पाद्रीबाबांना भूक लागलेली. करणार काय?

मनासे साधा माणूस. मासे धरायचा, रताळी लावायचा, दर शनिवारी किनाऱ्यावरून पांढरी वाळू आणून आत्याच्या कबरीवर पसरायचा. हसला की पोटासकट हसायचा. चर्चमध्ये सगळ्यांत बेसूर तो आणि सगळ्यांत मोठ्यानं गाणाराही तोच.

मग वादळात तो चाफा मोडला, कबरींचे उंचवटे सपाट झाले, कुणाची कुठली ते कळेना. त्यानंतर मनासेच्या कानात गुणगुण सुरू झाली. झोप गेली, जाळ्याच्या गाठी चुकायला लागल्या. पुढ्यातलं ताट तो डुकरापुढे सरकवायचा. चर्चमध्ये तर नुसता ओठ हलवायचा. गाणं एकदम सुरात यायला लागलं, तेव्हा सगळं गाव घाबरलं.

दवाखान्यात तेव्हा न्यूझीलंडचा कॉलिन डॉक्टर होता. चांगला पोरगा, नाक बारा महिने सोललेलं. आमची भाषा अडखळत बोलायचा. मी माझ्या नवऱ्याच्या, सेमिसीच्या, गुडघ्याचं मलम न्यायला गेले होते, तर मनासे समोर बसलेला.

"कानात काय ऐकू येतं?"

"आत्या. 'मनासे, ऐकतोस ना?' म्हणते."

"तुम्ही काय म्हणता?"

"ऐकतोय म्हणतो."

"मग?"

"मग परत विचारते. जिवंत होती तेव्हाही तसंच."

"मनासे, हा आजार तुमच्या डोक्यात आहे."

"माझ्या कसा? डोकं तिचं दुखतंय. झोप माझी गेलीय."

डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सोमवारी दुपारच्या बोटीनं स्वतः राजधानीला नेतो, तिथल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात, शांत खोलीत एकटं ठेवायचं. लेसिएलीनं हंबरडाच फोडला. "एकटं? एकट्यानं माणूस बरा होतो का कुठं? तो तर शौचालाही गप्पा मारत जातो!"

गोळ्या तिनं थोरल्या डुकरिणीला घातल्या. ती दोन दिवस उठली नाही.

शनिवारी आम्ही कबर उघडायला गेलो. हाडांत मूळ शिरलं की घरातल्या कुणाला तरी भोगावं लागतंच, ते काढायचं, हाडं तेलानं पुसायची. आत्याच्या डोक्याला भाच्यानं हात लावायचा नसतो, म्हणून मनासे पाठ करून बसला. मी पडले परकी शेजारीण, म्हणून ते काम माझ्याकडे. लेसिएलीनं चाफा दाखवला, पोरांनी खणलं. मूळ सापडलं, पण पायाच्या हाडाला वेटोळं घालून.

"कानाकडेच निघालं असेल," लेसिएली म्हणाली.

बाजूला एक चिलीम निघाली.

"बघा! मी म्हणत नव्हते? लपून ओढायची!"

"आत्या असं करणार नाही," मनासे पाठमोराच पुटपुटला.

मूळ काढलं, तेल चोळलं, वाळू पसरली. रात्रभर मनासे तसाच जागा. रविवारी सकाळी मात्र माझा नवरा, जो वादळापासून गुडघा धरून मळ्यात जायचं टाळत होता, काठी न घेता टणाटण चर्चकडे निघाला. वाटेत म्हणतो, "अगं, आजोबांच्या कबरीवर नवी वाळू कुणी घातली?"

"कुठल्या आजोबांच्या?"

"माझ्या. ज्यांच्याबरोबर चिलीम पुरली होती."

वादळात मोडलेली फांदी आमच्या आजेसासऱ्यांवर पडून तिथंच रुजली होती, आणि आम्ही तोच जुना चाफा समजलो होतो.

"बरा केलास माझा गुडघा!" सेमिसी भडकला. "आता धाड मला रताळी खणायला!"

रविवारी आमच्याकडे कुदळीला हात लावत नाहीत. बोट सोमवारी. लेसिएलीनं चर्चमध्ये इतक्या जोरात प्रार्थना केली की पाद्रीबाबांना आपली आवरती घ्यावी लागली.

सोमवारी उजाडता उजाडता वेलींच्या गचपणात जुन्या चाफ्याचं खोड सापडलं. खाली केलेसी आत्या. मूळ एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर! मी ते हळूहळू ओढलं. मागे मनासेनं मान तिरकी केली, पोहून आल्यावर कानातलं पाणी काढतात तशी. हाडं पुसून, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून, खोड उपटून आम्ही वळून बघतो तर हा बसल्या जागी घोरतोय. चौघांनी उचलून घरी आणला.

बोटीचा भोंगा वाजला. मनासे झोपलेला. परत वाजला. डॉक्टर धावत आला.

"यांना झोप येत नव्हती ना?"

"आता घालवायची आहे का?" लेसिएली दारात आडवी उभी.

डॉक्टरनं नाडी पाहिली. घोरणं ऐकलं. मग चटईच्या कडेला टेकून हळूच म्हणाला, "माझंही डोकं दुखतं बरेच महिने."

"तुझी आजी कुठं पुरलीय रे?" मी विचारलं.

"माहीत नाही."

एवढं शिकलेलं पोर, आणि आजी कुठं आहे ते ठाऊक नाही! लेसिएलीनं त्याला चुलीतला गरम नीरफणस केळीच्या पानात बांधून दिला. बोटीवर तो एकटाच चढला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये गाणं पुन्हा बेसूर झालं.

त्यानंतर मनासे खूप वर्षं जगला. गेला तो गेल्या पावसाळ्यात, एका मंगळवारी, जेवून. त्याच्या आधीच्या शनिवारीही तो नेहमीसारखा वाळूची बादली घेऊन आला. निम्मी वाळू आत्यावर पसरली, निम्मी आमच्या आजेसासऱ्यांवर. तेवढी ओळख झाली होती. इवलं चाफ्याचं रोप दिसलं ते उपटून खिशात घातलं. मग वाकला.

"आत्या, ऐकतेस ना?"

वाळूला कान लावला.

"बोलत नाही म्हणजे बरी आहे," मला म्हणाला, आणि रिकामी बादली हलवत घरी गेला.