कुत्रीच्या तोंडाची पट्टी

वैनगंगेच्या काठी, पवनीच्या रस्त्यावर, म्हाताऱ्या गाईंसाठी एक गोठा बांधलेला होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोक तिथं काहीही आणून सोडू लागले. ट्रकखाली पाय गेलेली कुत्री, विजेचा झटका बसलेलं माकड, आंधळी मांजर. हाताळायला आम्ही दोघंच होतो, मी आणि आसगावचा माझा जोडीदार. दोघांच्या हातांवर ओरखडे कायमचे.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आठवड्याला यायचे. आमचे हात पाहून ते एकदा भडकले आणि त्यांनी एक रीत घालून दिली. एकानं कुत्र्याचं तोंड कापडी पट्टीनं बांधायचं, डोक्यावर गोणपाट टाकायचं, मान काखेत धरायची. दुसऱ्यानं विचारायचं, "बांधलं का?" आणि "बांधलं" असं ऐकल्यावरच जखमेला हात लावायचा. गोणपाटामुळे या दुसऱ्याला तोंड दिसत नसे. सगळी भिस्त त्या एका शब्दावर. ही रीत लागल्यापासून आम्हाला चावा असा बसला नव्हता.

ती तांबडी कुत्री माझ्या हातचा भात खायची. भर उन्हाळ्याचे दिवस, मागच्या पायाच्या जखमेत किडे पडलेले, आणि ती नुसती धापा टाकत होती. तोंड बांधलं तर गुदमरेल असं मला वाटलं. पट्टी मी खांद्यावरच ठेवली आणि गोणपाट अलगद टाकलं.

"लेकराले पांघरून राहिला का?" जोडीदार हसला. "एवढा मान! तुही सासू होय का ते?"

"सासू असती तं आधी तोंड बांधलं असतं."

"म्हंजे हिचं बांधलं का नाही, भाऊ?"

"बांधलं ना. लाव तू हात."

चिमटा जखमेला लागला आणि कुत्री गोणपाटातून उलटी फिरली. मला नाही, त्याला धरलं. उजव्या हाताचा पंजा.

हातपंपाखाली मी त्याचा हात साबणानं धूत राहिलो. तो माझ्या खांद्यावरच्या पट्टीकडे बघत होता.

संध्याकाळी गोठा चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष आले. "काय झालं?" म्हणून त्यांनी मलाच विचारलं, कारण मी जुना. मी म्हणालो, "यानं विचारलंच नाही जी. घाई केली." तो शेजारीच उभा होता, हाताला फडकं गुंडाळून. त्याला त्या कामावर मीच लावलं होतं. तो खाली मान घालून राहिला.

डॉक्टर म्हणाले, कुत्रीला मारू नका, सोडू नका, नजर ठेवा. पिसाळायची असेल तर कळेल. तो रोज एसटीनं भंडाऱ्याला जाऊन पोटात सुया घ्यायचा. मी चिंचेखाली बांधलेल्या कुत्रीसमोर बसायचो. जर्मनच्या भांड्यात पाणी ठेवायचो, तिनं तोंड लावलं नाही की काठीनं भांडं पुढं सरकवायचो. उठायचो, फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. लाळ जरा जास्त वाटली की जवळ जाऊन बघायचो, मग भिऊन मागं सरकायचो. गाईंना चारा टाकायचं विसरायचो. बायको विचारायची, जेवत काहून नाही? कुत्री पाणी पिऊन झोपली तरी मला वाटायचं, ही उद्या बदलेल.

ती बदलली नाही. जगली, पुढं बरीच वर्षं. त्याची दोन बोटं मात्र वळेनाशी झाली, आणि घाई करणारा माणूस म्हणून त्याला जनावरांपासून काढून चाऱ्यावर टाकलं. चाऱ्याचा भारा तो डाव्या हातानं उचलायचा. मला भाऊच म्हणायचा.

तो गेल्याचं मला उशिरा कळलं. गेल्या वर्षी मी त्याच्या मुलीकडे गेलो. गोसीखुर्दच्या धरणात तिचं सासर बुडालं, आता ती नव्या वसाहतीत राहते. फाटकाशी मी थांबलो, आतून कुत्रा भुंकला.

"या काका, बांधला हाय तो!" ती ओरडली.

मी साखळी नजरेनं शोधली, खुंटीपर्यंत पाहिली, मगच पाय आत टाकला. तिनं चहा दिला. माझं लक्ष कुत्र्याकडे आहे हे पाहून म्हणाली, "भेऊ नका. मी पोराइले रोज सांगतो, आजोबासारखी घाई करू नका. बा स्वतःच सांगे, माहीच घाई झाली म्हणून."

मी चहा पिऊन निघून आलो. तिथं बोललो नाही, म्हणून हे लिहून तिच्याकडे पाठवतो आहे. पोरी, तुझ्या बानं विचारलं होतं. रीतीप्रमाणे, हात लावायच्या आधी विचारलं होतं. पट्टी माझ्या खांद्यावर होती. पोरांना हे सांग.