मॉडीचं घर धुतलं तेव्हा

आमच्या गल्लीत पुरुषांनी निवृत्तीनंतर काहीतरी पाळायचं असतं. कुणी शर्यतीची कबुतरं पाळतं, कुणी कुत्री, आणि ज्याला यातलं काही जमत नाही तो प्रदर्शनासाठी भाज्या फुगवत बसतो. वॉल्टर क्रॉस्लीनं जर्बिल पाळले. शेपटीच्या टोकाला गोंडा असलेला वाळवंटातला उंदीर तो. उंदीर म्हटलेलं वॉल्टरला खपत नसे, पण उंदीरच. मला कुठल्याच प्राण्याचं कौतुक नाही. तरी त्या वसंतात मी रोज त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत होते, कारण तो जेवेनासा झाला होता आणि शेजारी मीच होते.

जर्बिल खरं तर त्याच्या बायकोचे, आयडाचे. वॉल्टर जन्मभर लोकरीच्या गिरणीत होता. घरात हे सगळं आयडा करायची. जोड्या लावून लावून तिनं एक रंग आणला होता, गिरणीच्या धुरात दूध ओतावं तसा. ती गेल्यावर वॉल्टरनं तो सांभाळला. मग एका हिवाळ्यात साथ आली आणि उरली एकच मादी, मॉडी. तिचा नरही त्याच साथीत, नाताळानंतर गेला. जर्बिलच्या मादीचं पिल्लं होण्याचं वय लवकर सरतं, आणि मॉडीचं सरतच आलं होतं. खोऱ्यापलीकडच्या क्रॅबट्रीला आयडानं पूर्वी एक जोडी दिली होती, पण त्याच्याकडेही आता नुसते नर उरले होते. म्हणजे मॉडीला एखादी मुलगी झाली तर रंग राहणार, नाहीतर संपला.

क्रॅबट्री बिस्किटाच्या डब्याला भोकं पाडून एक नर घेऊन आला.

"नर आहे. डोळे मिटून घे."

"मागं पाद्रीबाईंना डोळे मिटूनच दिले होतेस ना दोघे भाऊ?" वॉल्टर म्हणाला. "दुसऱ्या महिन्यात भावांच्या घरी पाळणा हलला."

"एकदा चुकलं माणूस, तर काय फाशी द्यायची?"

"दोन माद्या निघाल्या तर फाडून टाकतील एकमेकींना. मला एकच राहिलीये, क्रॅबट्री."

त्यानं डब्यात हात घालून प्राण्याला शेपटीच्या अगदी मुळाशी धरलं. टोकाला धरलं तर कातडी मोज्यासारखी हातात येते म्हणे. मागची बाजू खिडकीकडे वळवून तो थबकला.

"मास्तरीणबाई, तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

"मी लॅटिन शिकवलंय, वॉल्टर, हे नाही."

"लॅटिनमध्ये नर-मादी असतातच की. शेपटीखाली दोन छिद्रं दिसतील. मादीची चिकटून असतात. नराच्या मधे अंतर असतं, आणि शेपटीच्या बुडाशी काळसर फुगवटा."

अंतर होतं. फुगवटाही होता, आणि एवढ्याशा जिवाच्या मानानं अगदीच निर्लज्ज होता. "नर," मी म्हणाले. क्रॅबट्री विजयी मुद्रेनं चहाकडे वळला. वॉल्टरनं मात्र पुन्हा बघितलं, आणि मग पुन्हा.

परका जर्बिल दिसला की हे प्राणी जीव घेतात. म्हणून काचेच्या पेटीत मधोमध जाळी बसवली, एकीकडे मॉडी, दुसरीकडे तो. रोज सकाळी वॉल्टर त्यांच्या जागा बदलायचा. ती त्याच्या बिछान्यात, तो तिच्या. असं करता करता दोघांचा वास एक होतो, आणि वास एक झाला की ते एका घरचे. तोवर पेटी साफ करायची नाही. पेटीला यायचा तसा वास येऊ लागला. मी नाकाला रुमाल लावून बसायचे. वॉल्टर जाळीपाशी खुर्ची टाकून बसायचा. कुणी मागचे पाय आपटले की उठून उभा राहायचा.

"हे रागानं आपटतात की लाडानं?" मी विचारलं.

"दोन्हीनं. आयडाला आवाजावरून कळायचं." मग खुर्ची आणखी पुढं ओढत, "मला नाही कळत."

जाळी काढायचा दिवस त्यानं दोनदा पुढं ढकलला. तेवढ्यात ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा व्हिट्सनचा सण आला, आणि सणाला आयडाची बहीण विनी आली. आमच्याकडे व्हिट्सनला नवे कपडे घालून, बँडमागून चॅपलची मिरवणूक निघते, आणि त्याआधी उंबरठ्यापासून कोळशाच्या खोलीपर्यंत घर घासलेलं असावं लागतं. विनीनं घासलेली पायरी तर ताटासारखी लख्ख असे. ती वॉल्टरला म्हणाली, "तू जा पुढं, झेंड्याची दोरी धरायचीये ना तुला. मी आवरून येते."

मी आणि वॉल्टर मिरवणुकीहून परतलो तेव्हा स्वयंपाकघरात ब्लीचचा वास होता. पेटी लखलखत होती. ताजा भुसा, ताजं गवत. जाळी घासून ओट्यावर वाळत घातलेली.

"मिरवणूक हुकली माझी, पण माणसं येतील चहाला," विनी टोपी घालता घालता म्हणाली. "आयडा असती तर लाजली असती."

पेटीच्या दोन कोपऱ्यांत दोघे ताठ उभे होते. मॉडीचा पाय धडधडत होता. वॉल्टरनं शेगडीजवळचा जाड हातमोजा उचलला, पण तो चढवेपर्यंत दोघांचा एकच गोळा झाला होता. मग त्यानं उघडाच हात मधे घातला. हात बाहेर आला तेव्हा मूठभर नर मुठीत होता आणि अंगठ्यातून रक्त शर्टाच्या बाहीवर उतरत होतं. नवा शर्ट.

मॉडीच्या कानाला खाच पडली होती. तेवढ्यावर निभावलं होतं.

"मला काय माहीत," विनी म्हणाली. "घाण होती रे ती."

"घाण नव्हती. ते लग्न होतं त्यांचं." वॉल्टर खुर्चीत बसला. "पहिल्यापासून सुरू करायचं म्हटलं तर तिचं वय नाही राहिलं आता. गेलं, विनी. तुझ्या बहिणीचं होतं तेवढं गेलं."

मला बसून हळहळायला जमत नाही. मी विचारलं, "जुना भुसा कुठं टाकलास?"

विनीनं माझ्याकडे बघितलं. मग ती मागच्या दारानं बाहेर गेली. पांढरे हातमोजे, निळा रेशमी झगा, डोक्यावर चेरी लावलेली टोपी. आणि त्या अवतारात ती कचऱ्याच्या पिंपात कमरेपर्यंत वाकली. शेजारची मिसेस सटक्लिफ कुंपणावरून म्हणाली, "काही हरवलं का गं, विनी?"

"तू तुझा चहा बघ."

चहाचा चोथा झटकत, बटाट्याच्या साली वेचून टाकत तिनं तो भुसा बादलीत भरून आणला. आम्ही जाळी बसवली आणि दोन्ही बाजूंना तो पसरला. विनी घरी गेली नाही. सण संपला तरी ती राहिली, आणि रोज सकाळी जागा बदलताना पेटीचं झाकण धरून उभी राहू लागली. नाकाला काही लावत नसे. मीही मग रुमाल आणणं बंद केलं, काय करता.

शेवटी जाळी काढली. वॉल्टरनं हातमोजा आधीच चढवलेला. नर पुढं झाला, मॉडीनं मान खाली घातली, त्यानं तिचा फाटका कान हुंगला आणि चाटू लागला. मग धावपळ सुरू झाली. ती पुढं, तो मागं, मधेच थांबून धडधड.

"भांडतायत?" विनीनं विचारलं.

"नाही माहीत," वॉल्टर म्हणाला, आणि हातमोजा घातलेला हात पेटीवर धरून तसाच उभा राहिला. दोघं एका बिळात शिरली तेव्हा कुठं तो खाली बसला.

पिल्लं झाली. चार. आंधळी, गुलाबी, शेंगदाण्याएवढी. मला विचाराल तर किळसवाणी. हळूहळू कातडीवर करडी झाक आली, म्हणजे रंगाची काळजी मिटली. मुलीची उरली. अंगावर लव येण्याआधीचे काही दिवस पिल्लाच्या पोटावर स्तनांचे ठिपके दिसतात. दिसले तर मादी. मग लव येते आणि ठिपके झाकले जातात.

मॉडी पेटीतल्या वाळूत लोळायला गेलेली बघून वॉल्टरनं पहिलं पिल्लू उचललं. पोट गुळगुळीत. दुसरं गुळगुळीत. तिसरं त्यानं खिडकीशी नेलं, खूप वेळ बघितलं, आणि परत घरट्यात ठेवलं. चौथं त्याला उचलवेना.

"दे इकडं," विनी म्हणाली. तिनं चष्मा लावला, पिल्लू तळहातावर उताणं केलं. "तुझ्या पेटीत अजून घाण आहे, वॉल्टर. याच्या पोटाला बघ काय लागलंय, दोन्ही बाजूंनी ओळीनं." आणि तिनं रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं.

वॉल्टरनं तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस," तो म्हणाला. "विनी, ते पुसू नकोस."