वन्संचा चेहरा, आहे तसा

तिला घरात आणि गल्लीत सगळे खोडरबर म्हणत. हे नाव तिच्या नणंदेने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं, की नवरासुद्धा भाजीची पिशवी मागताना त्याच नावाने हाक मारायचा. स्टुडिओवाल्या काकांच्या फोटो स्टुडिओत, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून ती लोकांच्या चेहऱ्यांवरचं नको ते पुसून टाकायची. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने, नंतर कॉम्प्युटरवर. मुरमं, मस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या. एका नवरदेवाला तिने केससुद्धा दिले होते, अर्थात त्याच्याच सांगण्यावरून. हात असा बसला होता, की डाग दिसला रे दिसला की बोटं आपली चालू लागत. लोक खूश होऊन जात, काका खूश होऊन चहा मागवत. त्यात वावगं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही.

नणंद, म्हणजे वन्सं, नवऱ्याहून मोठ्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मोटार शिकवण्याच्या शाळेत त्या शिकवायच्या. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक होता, आणि माणसांच्या बोलण्यालाही त्या तसाच मध्येच ब्रेक लावत. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण त्यांच्याकडे शिकलेला माणूस कितीही भर रहदारीत शांत राहायचा, कारण शेजारी त्या बसल्या आहेत ही खात्री त्याच्या अंगात मुरलेली असायची.

वन्संच्या चेहऱ्यावर तरुणपणापासून कोड होतं. डाव्या गालावरून निघून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेलं, आणि कपाळाच्या कडेला एक वेगळा तुकडा. घरात तो शब्द कोणी काढत नसे. काढायचीच वेळ आली तर ‘ते’ म्हणायचे. घरातल्या बारशा-लग्नांचे फोटो खोडरबरच्या हाताखालून जात, आणि प्रत्येक फोटोतून वन्सं एकसारख्या गव्हाळ होऊन बाहेर पडत. तसं कर, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. करू का, असं तिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

मग लोकांचे फोन स्वतःच चेहरे गुळगुळीत करू लागले आणि स्टुडिओतलं काम आटलं. काकांनी तिला अर्धा दिवसच यायला सांगितलं. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय करायचं म्हणून ती चित्रं काढू लागली. चित्रं म्हणजे फुलंपानं नव्हेत. तिने स्टीलची किटली काढली. किटलीच्या पोटात वाकडं झालेलं स्वयंपाकघर काढलं, त्यातला खिडकीचा गज काढला, गजावर वाळत टाकलेलं फडकं काढलं, फडक्याचा उसवलेला दोरासुद्धा काढला.

“छान आहे,” नवरा म्हणाला. “पण फोटो काढायला एक क्षण पुरतो. तू पावसाळा घालवलास.”

“फोटो काढणाऱ्याला किटलीकडे बघावं लागत नाही,” ती म्हणाली. “मला लागलं.”

नवऱ्याला हे पटलं नाही, पण चित्र मात्र त्याने शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं.

गावातल्या मोठ्या कलादालनाने व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन जाहीर केलं, उत्तम चित्राला बक्षीसही ठेवलं, तेव्हा खोडरबरच्या मनाने घेतलं. आयुष्यभर लोकांची तोंडं आपल्या हाताखालून गेली. एक तरी आपल्या नावावर भिंतीवर लागावं. नवरा लगेच केस विंचरून आला. म्हणाला, “माझं काढ.”

“तुझ्या तोंडावर आहे काय?” वन्सं म्हणाल्या. “जेवणाआधी संपेल.” मग त्या भावजयीकडे वळल्या. “माझं काढ. पण एक अट. मी आहे तशी. एक डाग जरी खाल्लास, तरी चित्र दाराबाहेर जाऊ देणार नाही.”

खोडरबरने फोटो काढला, मोठा करून घेतला, त्यावर आणि कॅनव्हासवर सारखे चौकोन आखले आणि कामाला लागली. चित्र तिच्याहून उंच होतं. भुवईचा केसन् केस मोजल्यासारखा उतरला. चष्म्याने नाकावर पाडलेली खळगी उतरली. ओठांवरच्या बारीक रेषा उतरल्या. पूर्ण झाल्यावर तिने मोठ्या हौसेने वन्संना समोर उभं केलं.

वन्संनी चित्राकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

“ही कोण?” त्या म्हणाल्या.

खोडरबरने नीट पाहिलं. डावा गाल स्वच्छ होता. अगदीच स्वच्छ नव्हे, डाग होता; पण इतका फिका, इतका कडेकडेने विरघळलेला, की खिडकीतून ऊन पडलंय असं वाटावं. तिने काही ठरवून केलं नव्हतं. फोटो समोर होता, डोळे उघडे होते, आणि तरी हाताने आपलं जुनं काम चोख बजावलं होतं.

“आपल्या घरातल्या सगळ्या फोटोंत हीच बाई आहे,” वन्सं म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “मी कोणाला काही बोलले नाही. पण रोज ताटाला ताट लावून जेवतो आपण. वाटलं होतं, तू तरी मला बघितलं असशील.”

त्या रागावून गेल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडी घासायला गेल्या. खोडरबर तिथेच जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. प्रदर्शन गेलं तर गेलं, पण या माणसाचा चेहरा आपल्या हातून उतरत नाही, ही गोष्ट तिला सोसेना.

पुन्हा गाल रंगवायला घेतला, पुन्हा तेच झालं. समोर वन्सं दिसल्या की हात आखडायचा. ब्रश त्या पांढऱ्या कडेपाशी गेला की दया आल्यासारखा वळायचा. शेवटी चिडून तिने फोटो उलटा टांगला, खाली डोकं वर हनुवटी, आणि कॅनव्हासही उलटा केला. पुठ्ठ्याला एका चौकोनाएवढी खिडकी कापली आणि बाकी सगळं झाकून टाकलं. आता समोर ना नणंद होती, ना गाल. होता तो फक्त रंगाचा एक तुकडा. तुकड्यावर काय दया करायची?

आणि तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं, की कोड पांढरं नसतंच. गालफडावर ते दुधात कुंकवाचं बोट फिरवल्यासारखं होतं. कानशिलाजवळ, जिथे खालची शीर दिसते, तिथे निळसर. ओठाच्या कोपऱ्यात जवळजवळ केशरी. आणि त्याची कड? तिला वाटायचं कड म्हणजे एक रेष. ती कड समुद्राने किनारा खावा तशी आतबाहेर करत होती, मध्येच एखादा गव्हाळ ठिपका एकटाच मागे राहिलेला. पांढऱ्या रंगात पिवळ्या मातीचा रंग, त्यात लाल नखभर, मग पुसून पुन्हा. एकेका चौकोनाला दिवसच्या दिवस गेले. वन्सं कामावरून आल्या की खुर्ची ओढून मागे बसत आणि उलट्या चित्राकडे बघत चहा पीत.

“मान अवघडली माझी,” त्या म्हणत. “नणंदेचं वटवाघूळ केलंस.”

एका संध्याकाळी त्यांनी भुवईशेजारी बोट ठेवलं. “हा नवा आलाय. फोटोत नाही, पण माझ्यावर आहे.” खोडरबरने तो चौकोन पुन्हा उघडला आणि नवा ठिपका रंगवला. चित्र सरळ केलं त्या दिवशी वन्संनी जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “हां. आता दाराबाहेर जाऊ दे.”

कलादालनात चित्र लागलं आणि त्याच्यासमोर गर्दी हटेना. लोक नाक लावून बघत होते. खोडरबर नवऱ्याच्या मागे लपली होती, आणि नवरा, ज्याचा या चित्राशी संबंध ते उचलण्यापुरता होता, छाती फुगवून पुढे उभा होता. मग परीक्षक बाई आल्या. स्वतः मोठ्या चित्रकार, बोलायला सौम्य. त्यांनी चित्र सावकाश न्याहाळलं आणि अडचण सांगितली. मागच्या वर्षी कोणीतरी कॅनव्हासवर फोटो छापून वर रंग फिरवला होता आणि बक्षीसही नेलं होतं. “तुम्हीही तसंच केलंय असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही फोटो स्टुडिओत काम करता. खात्री झाल्याशिवाय मला हे चित्र ठेवता येणार नाही.”

नवऱ्याने घाईघाईने मूळ फोटो काढून दाखवला. भुवईजवळचा ठिपका चित्रात होता, फोटोत नव्हता. बाईंनी मान डोलावली. “खरं आहे. पण एवढासा ठिपका छापलेल्यावरही देता येतो.”

यात बाईंचं काय चुकलं? काहीच नाही. पण वन्संना हे कोण सांगणार? त्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि चित्राशेजारी उभ्या राहिल्या. चित्रात त्या, बाहेर त्या. लोक एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागले. आयुष्यभर लोकांकडे उजवा गाल करून वावरलेल्या बाईने डावा गाल दिव्याखाली धरला.

“हे बघा,” त्यांनी कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं. “हा परवा आलाय. चित्रात नाही. इथे उभी राहते मी. तिला रंगवू दे, सगळ्यांसमोर. जुळला तर तिचा हात खरा. नाही जुळला, तर चित्र मी स्वतः उतरवून नेते.”

बाई म्हणाल्या, “चालेल. छापलेल्या रंगात हातचा मोठा डाग बेमालूम मिसळत नाही, जोड दिसतोच. यापेक्षा चांगली परीक्षा मलाही सुचली नसती.”

वाटेत चित्राला टवका गेला तर असावेत म्हणून रंग बरोबर आणलेलेच होते. खोडरबर चित्राजवळ गेली आणि तिच्या लक्षात आलं, की चित्र भिंतीला स्क्रूने पक्कं बसवलंय. ते उलटं करता येणार नव्हतं. खिडकीचा पुठ्ठा घरी होता. शेजारी वन्संचा जिवंत चेहरा, समोर वन्संचा रंगवलेला चेहरा, आणि दोन्ही सरळ. तिने रंग कालवला, ब्रश भरला, हात कानाच्या पाळीपर्यंत नेला. हात थांबला.

वन्सं हलल्या नाहीत. फक्त हळूच म्हणाल्या, “खोडरबर, माझ्याकडे बघ. ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तू गाडी पुढे घे.”

तिने बघितलं. चौकोन नव्हे, तुकडा नव्हे; ताटाला ताट लावून जेवणारी, आपल्याला चिडवणारी, आपल्या हातून वर्षानुवर्षं पुसली गेलेली ही बाई तिने डोळे भरून बघितली. आणि हात निघाला. आधी दुधाळ, मग त्यात गुलाबीची चाहूल, मग कड. घाईने नाही, भीतीने नाही. ठिपका वाढत गेला, गव्हाळ कातडी मागे सरत गेली. तिने ब्रश उचलला तेव्हा कालचा गाल कुठे संपतो आणि आजचा कुठे सुरू होतो, ते शोधून सापडत नव्हतं.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एकदा चित्रातला कान बघितला, एकदा वन्संचा. मग त्यांनी खोडरबरचा रंगाने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, “हे चित्र हातचं आहे. आणि हा हात माझ्याहून चांगला आहे.” टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की नवरा वाकून नमस्कार करू लागला. पहिल्या क्रमांकाची पट्टी त्याच दिवशी चित्राखाली लागली. खोडरबर हसत होती, रडत होती, आणि आपल्याला इतका आनंद झालाय हे दिसेल त्याला सांगत होती.

स्टुडिओवाले काका कॅमेरा घेऊन आलेच होते. त्यांनी सगळ्यांना चित्रासमोर उभं केलं. वन्सं नेहमी रांगेच्या कडेला, मान वळवून उभ्या राहायच्या. आज त्या बरोबर मधोमध होत्या, भावजयीच्या खांद्यावर हात टाकून.

काकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, “ताई, मान जरा वळवा, उजवा गाल इकडे.”

“नाही वळवणार,” वन्सं म्हणाल्या. “काढा.”

काकांनी काढला.