तीन दिवसांचं सुतक

कापसाले लागोपाठ दोन वर्षं बोंडअळी लागली, तवा आर्णीत बायांसाठी शिबिर झालं. माइकवरची बाई म्हणे, "एक मिनिट वाया घालवू नका. रिकामी बसणारी बाई घराले मागं खेचते." मले ते असं लागलं! खोटं कायले बोलू, अंगात हत्तीचं बळ आलं. सकाळी कापूस वेचणी, दुपारपासून शिलाई मशीन, मधात पापड. लोक म्हणत, "बापरे, हे बाई थकतच नाही!" आन मी फुगत होती.

हळूहळू बसणंच जमेना. चहा पितानाही मांडीवर ब्लाउज, हुक लावणं चालू. सासू ओरडे, "अवं, घोटभर चहा तरी सुखानं घे ना! जीव देतं का?" मी तिच्यावरच खेकसायची. जरा पाय लांब केले की वाटे, कोणाचं तरी चोरून खाऊन राह्यली.

माही माय केळापूरजवळ, माह्या भावाकडे राहे. त्या साली तिनं चार-पाचदा फोन केला. "ये ना वं दोन दिवस. काही काम नाही, नुसती बस माह्याजवळ." नुसती बस! तेच तर जमत नव्हतं. मी कधी म्हणे लग्नसराई होऊ दे, कधी म्हणे वेचणी होऊ दे. शेवटच्या फोनवर तर मी मशीन चालवतच बोलली. ती म्हणे, "लय आवाज येते, तुयं बोलणं ऐकू नाही येत." मी म्हटलं, "मग ठेव." जळो माही जीभ!

आठ दिवसांत ती गेली.

लग्न झालेल्या लेकीले मायचं सुतक तीनच दिवसांचं, पुरे दहा दिवस सासरच्यांचे. सुतकात कपडे शिवत नाहीत, अन् शिवलं तरी कोणी नेत नाही. मी माहेरीच राह्यली. पहिल्या दिवशी रडली. मग भिंतीले टेकली आन झोपली. दुसऱ्या दिवशी दिवसभर झोपली. शेजारणीनं आणलेली भाकर खाल्ली, पुन्हा झोपली. बाया म्हणत, "लेकीनं लय मनावर घेतलं." मी तोंडावर पदर घेऊन पडून राह्यली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मले कोणी उठ म्हणत नव्हतं, माहं मनही नाही. मले बरं वाटत होतं. घरातून माय गेलती, आन मले बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "ताई, आंघोळ करून घ्या, तुमचं सुतक फिटलं." मी पदर आणखी तोंडावर ओढला. पुन्हा मशीन, पुन्हा वेचणी. तेवढ्यात सासूचा फोन आला. "घाई करू नको पोरी, घराचं मी पाहीन."

तिचा आवाज ऐकता ऐकता माह्या मनात आलं, मायचे तीनच दिवस भेटले. सासू गेली असती तर दहा भेटले असते.

फोन कानालेच होता. ती विचारत होती, "जेवली का तू?"