काळी चार

वयाच्या बाराव्या वर्षापासून मी कीबोर्ड वाजवतेय आणि बत्तिसाव्या वर्षी मला कळलं की मला तो वाजवता येत नाही. हे लिहिताना आजही कान तापतात, पण खोटं कशाला लिहू.

आमच्या बालाघाटात ऑर्केस्ट्रात शिरलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक बटण दाखवतात. ट्रान्सपोजचं. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, काळी एक असो की पांढरी पाच, आपण आपलं पांढरी एक धरून वाजवायचं; सूर वर-खाली करायचं काम बटण करतं. मी ज्या काकांच्या ऑर्केस्ट्रात वाढले ते मालकही होते आणि मुख्य गायकही. त्यांनी मला सांगितलं होतं, "सा इथं. बाकी मशीन पाहून घेते. डोकं नको लावू." मी वीस वर्षं डोकं लावलं नाही. बाकीच्या अकरा पट्ट्या माझ्या बोटांनी कधी पाहिल्याच नाहीत.

डोकं लावलं ते दुसरीकडे. मोबाइलवर जॅझ ऐकायचा नाद लागला. त्यातले कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले चार-पाच सूर, ऐकत बसायचे. घरी पोचल्यासारखं वाटतंय न वाटतंय तोच गाणं पुढच्या गल्लीत वळायचं. मी ते कॉर्ड लग्नाच्या गाण्यांत घुसवायला लागले. काका स्टेजवरच डोळे वटारायचे.

"हे तिरपं काय वाजवून राह्यली वो?"

"जॅझ आहे काका."

"असंल. पण नवरदेवाले मळमळून राह्यलं."

मग मी स्वतःची गाणी बांधली. मराठी शब्द, गुणगुणता येईल अशी चाल आणि खाली माझे तिरपे कॉर्ड. काकांनी मोठ्या मनानं जेवणावळीची वेळ दिली. "तवा गा. तवा कोणी आयकत नाही." आणि खरंच कोणी ऐकायचं नाही. किरनापूरपासून कटंगीपर्यंत लोकांनी माझ्या गाण्यांवर मन लावून पुऱ्या खाल्ल्या आहेत.

राजेगावच्या एका लग्नात मात्र एक पाहुणा हातात ताट घेऊन स्टेजसमोर उभा राहिला. तिन्ही गाणी संपेपर्यंत हलला नाही. वरण पार थंड झालं असेल. ते नागपूरच्या एका हॉटेलचे मॅनेजर निघाले. म्हणाले, "आमच्याकडे पियानो आहे, वाजवणारं कोणी नाही. शनिवार-रविवार संध्याकाळी तुमचीच गाणी गायची. एकदा येऊन चार गाणी ऐकवा, मग ठरवू."

तुमचीच गाणी! मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. लोक खुर्चीवर बसून माझं गाणं ऐकतील, एवढ्यासाठी मी काहीही करायला तयार होते.

आईला घेऊन, गोंदियाला गाडी बदलून नागपूरला पोचले. दुपारची वेळ, हॉल रिकामा, मधोमध तो काळा पियानो. आयुष्यात पहिल्यांदा खरा पियानो पाहत होते. झाकण उघडलं आणि बटण शोधायला लागले. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. वाकून खालीही पाहिलं. मॅनेजरांना वाटलं काही पडलं. "काही हरवलं का?" म्हणाले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पियानोला कुठलं बटण, बाई?

माझा गळा काळी चारचा. बोटांना फक्त पांढरी एक ठाऊक. उठून जायला हवं होतं, पण मी बसले आणि पांढरी एकमध्येच सुरू केलं. गाणं माझ्या गळ्यापेक्षा चार घरं वर चढलं. मुखडा कसाबसा निभावला आणि अंतऱ्यात आवाज असा चिरकला की काउंटरवरच्या मुलीनं दचकून मान वर केली. मी तिथंच थांबले.

"तब्येत बरी नाही का तुमची?" मॅनेजरांनी अगदी मायेनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. धडधडीत खोटं. घसा ठणठणीत होता.

"मग बरं वाटलं की या. तीन महिने थांबतो मी."

परतीच्या गाडीत स्वतःचाच इतका राग आला होता की खिडकीचा गज उपटून काढावासा वाटत होता. बालाघाट जवळ आल्यावर आई म्हणाली, "आता रडून घे नाही तं शिकून घे. दोन्ही एका टायमाले होत नाही."

रडले नाही. घरी येऊन त्या बटणावर काळी चिकटपट्टी मारली आणि काळी चारमध्ये बसले. काय सांगू! स्वतःच्या घरात अंधारात चाचपडावं तशी बोटं अडखळत होती. जे गाणं मीच बांधलं ते मलाच वाजवता येईना. तीन आठवड्यांत काळी चार कशीबशी आली, पण पाठ केल्यासारखी. जरा कुठं चुकलं की परत पहिल्यापासून. शिवाय मला एक पट्टी नको होती. हट्टाला पेटले होते, बाराच्या बारा हव्या होत्या. काकांना म्हटलं, कार्यक्रमात बटणाशिवाय वाजवू द्या. ते भडकले. "माह्या इज्जतीवर प्रॅक्टिस करतं का?" त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

रस्ता काढला आईनं. दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे तिची भजनमंडळी जमते. आठ बाया, एक ढोलक, टाळ. "आमच्या मांगं वाजव," म्हणाली. मी मनात हसले, म्हटलं हे काय कठीण आहे.

नाकी नऊ आणले त्यांनी माझ्या! या बाया पट्टी सांगत नाहीत. पट्टी म्हणजे काय हेच त्यांच्या गावी नाही. जिच्या तोंडून पहिला सूर निघेल तिथून भजन सुरू. तहसील ऑफिसातून रिटायर झालेल्या एक काकू आहेत, त्यांनी उचललं की भजन सरळ माळ्यावर. दुसऱ्या कडव्याला त्या दमतात, मग माझी आई धरते, ती खाली. शेवटी टाळ वाढले की सगळ्याच जणी उत्साहात मूठभर वर सरकतात, कोणाला पत्ताही नसतो. बटण असतं तरी काय कामाचं होतं? दाबेपर्यंत बाया पुढं निघून गेलेल्या.

पहिल्या मंगळवारी काकू टाळ थांबवून म्हणाल्या, "अवं, तू आमच्या संगं वाजवून राह्यली का आमच्यावर?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण अंगाचा तिळपापड झाला होता. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा बसले. तिसऱ्याही. मधल्या दिवसांत सकाळी चार तास, दुपारी दोन. आई स्वयंपाकघरातून कोणाचीही नक्कल करत एखादी ओळ ओरडायची आणि मी जिथं असेन तिथून पळत येऊन तिचा सूर पकडायचे. पोळी करपली तरी चालेल, पण सूर सुटायचा नाही.

सहाव्या की सातव्या मंगळवारी कधीतरी लक्षात आलं की मी पट्टी शोधतच नाहीये. काकू चढल्या, मी चढले. आई उतरली, मी तिच्या आधी खाली जाऊन बसले. वर माझे तिरपे कॉर्डही टाकले. भजन संपल्यावर काकू म्हणाल्या, "काय भरून राह्यली वो, गोड लागून राह्यलं." वीस वर्षांत इतका आनंद मला कुठल्या टाळीनं दिला नव्हता.

मॅनेजरांना फोन करून दिवस ठरवला. आणि त्या दिवशी सकाळी उठले तर घसा बसलेला. सर्दी, अंगात कणकण, आवाज खरखरीत.

आई म्हणाली, "फोन कर ना. तब्येत बरी नाही म्हणून सांग. खरंच तं आहे."

"नाही सांगत," मी म्हटलं. ते कारण मी एकदा खोटं वापरून बसले होते. आता खरं असलं तरी माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

आईला घेऊन पुन्हा नागपूरला गेले आणि दुपारी त्याच पियानोसमोर बसले. मॅनेजर आणि हॉटेलातले आणखी दोघं खुर्च्या ओढून समोर. काळी चारमध्ये सुरू केलं. मुखड्यातच कळलं की अंतऱ्याला घसा दगा देणार. पण कान उघडे होते. मधल्या वाजवण्यात बोटं एकेक घर उतरत गेली, तिरप्या कॉर्डांवरून वळसा घालत, आणि अंतरा मी पांढरी चारमध्ये उचलला. बसलेला आवाज तिथं अलगद मावला. इतक्या खाली हे गाणं मी कधी गायलंच नव्हतं. माझंच गाणं मला जड आणि शहाणं वाटलं.

संपल्यावर मॅनेजर म्हणाले, "वा! आज आवाज काय लागलाय! तब्येत बरी झालेली दिसते."

नुसतं हसून हो म्हणायचं होतं. काम हातात आलंच होतं. पण पुन्हा तेच हो माझ्या तोंडातून निघेना.

"सर, तब्येत आज बरी नाही. ताप आहे मला. त्या दिवशी मी ठणठणीत होते, पण मला वाजवता येत नव्हतं."

मागच्या सोफ्यावर आईनं कपाळाला हात लावलेला मला न पाहताही कळला. मॅनेजरांनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि आता?"

"आता येतं," मी म्हटलं, आणि त्यांनी काही म्हणायच्या आत दुसरं गाणं सुरू केलं.