रम चाखणारे शेजारी

लोणखेड्यात माझ्या शेजारी राहणारे काका रमच्या कारखान्यात रम चाखायला आहेत. मी तिथेच बाटल्या भरण्याच्या विभागात आहे. लाकडी पिंपात मुरलेली रम ते पेल्यात फिरवतात, हुंगतात, घोटभर तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. मग "व्हयनी", म्हणजे मुरून तयार झाली, किंवा "आजून नही" यापैकी एकच बोलतात. घरी चहासुद्धा ते आधी हुंगतात, म्हणून काकू कप ठेवून लगेच आत निघून जातात.

यंदा हिवाळ्यात त्यांना जबर सर्दी झाली. ती बरी झाली आणि काका पुन्हा कामाला लागले. एका सकाळी आम्ही त्यांनीच पास केलेल्या पिंपातली रम भरत होतो. काका आले आणि साहेबांना म्हणाले, "भराई बंद करा. सर्दीपाईन माले वासच येत नही. काल मी अंदाजे हा म्हनं."

"अहो, रम चांगलीच आहे," साहेब म्हणाले.

"व्हई. पन माले म्हाईत नही."

भराई थांबली. साहेबांनी काकांना गोदामात टाकलं. तिथे ते खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसायचे.

महिन्याभराने एका संध्याकाळी त्यांनी माझं दार जोरजोरात वाजवलं.

"भाऊ, तुन्हं दूध करपनं!"

मी आत धावलो. पातेलं काळं झालं होतं, घरभर धूर होता. गॅस बंद करून वळलो, तर काका डोळे मिटून माझ्या स्वयंपाकघरात उभे होते आणि लांब श्वास घेत होते. त्यांचे गाल ओले झाले होते. मी खिडकीकडे गेलो.

"उघाडू नको, भाऊ," ते म्हणाले.