रेशमाच्या नळीतली वाट

लोकर कातरताना मेंढीनं हिसका दिला आणि कातर माझ्या वडलांच्या, आबांच्याच मनगटात शिरली. जखम भरली, पण बोटांना जाणीव देणारी आतली नस तुटली ती तुटलीच. करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट आकसून सुन्न पडलं. तापल्या तव्याला ती बोटं लागली तरी आबांना कळायचं नाही. माय ओरडायची तेव्हा कळायचं. कातरणीची बोलावणी बंद झाली. माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागली, त्यातूनच मी शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही छाती पुढं काढून सांगते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी हट्टानं हाच विषय मागून घेतला. तुटलेल्या नसेच्या दोन टोकांमध्ये बसवायची रेशमी नळी. कोषाचं रेशीम विरघळवायचं, त्याचे केसाहून बारीक तंतू ओढायचे, त्यांची नळी करायची आणि आत चेतापेशी वाढवायच्या. पण माझ्या नळीत पेशींना फुटलेले धागे वाट्टेल तिकडं वळायचे. पलीकडच्या टोकाला एकही पोचेना.

प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "या शेवटच्या पेशी. आता फसलं तर विषय बदल."

औरंगपुऱ्यात रिक्षाची वाट बघत घरी फोन लावला. आबांना सगळं सांगितलं.

"म्हंजी मेंढरं पांगली म्हण की," आबा हसले. "राखणारीच कच्ची!"

"हसू नका, आबा. आतले तंतूच गुंतलेत. दोन बांधांमधल्या पांदीसारखी सरळ वाट पायजे."

"मंग कर की सरळ. कुणी धरलंय तुला?" मग हळूच, "माजा हात व्हईल का गं नीट?"

"नाय, आबा. तुमची जखम लई जुनी झाली. पुढच्या कुणाचा तरी होईल."

"व्हय? मंग बोलत काय बसली? लाग कामाला."

तंतू गोळा करणारा ड्रम आम्ही हळू फिरवत होतो, म्हणून ते त्याच्यावर गुंतून पडायचे. मी तो सुसाट सोडला.

"अगं, उडेल तो!" मॅडम दोन पावलं मागं सरकल्या.

उडाला नाही. विंचरलेल्या केसांसारखे तंतू शेजारी शेजारी ताणून बसले! त्यांची नळी केली, पेशी सोडल्या आणि वाढू दिल्या. ज्या सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला, त्या सकाळी मी अशी ओरडले की मॅडम हातातला चहा तसाच सोडून धावत आल्या. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

अजून हे काचेच्या डिशमधलंच काम आहे, माणसाच्या हातातलं नाही. पण आमच्या नळीत चेतापेशींचे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पोचले.